अथेन्समधला एक दशांश: पुरुष ऑल-अराउंडची पार्श्वभूमी

पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या पुरुष ऑल-अराउंडमध्ये सुवर्ण आणि रौप्य यांच्यात ०.२३३ गुणांचं अंतर होतं. रिओत २०१६ साली ते ०.०९९ होतं. त्याआधी अथेन्समध्ये, २००४ साली, अवघं ०.०१२. पण अथेन्सचा वाद या ०.०१२ वरून झालाच नाही. तो झाला तिसऱ्या आलेल्या खेळाडूच्या डबल बारवरच्या (पॅरलल बारवरच्या) कसरतीवरून, आणि भांडण होतं ०.१ चं. आज फलकावर एका कसरतीसाठी दोन वेगळे आकडे दिसतात, आक्षेप घ्यायला मिनिटा-सेकंदांची मुदत असते, या सगळ्याचं मूळ बरंचसं त्या एका दशांशात आहे. म्हणून जुना इतिहास थोडक्यात सांगून मी तिथेच जास्त थांबणार आहे.

आधी शब्दाचा घोळ. ऑल-अराउंडला आपल्या वर्तमानपत्रांत कधी ‘अष्टपैलू’ म्हणतात, कधी ‘सर्वसाधारण’. ‘अष्टपैलू’ हा शब्द क्रिकेटने इतका आपलासा केला आहे की बॅटही चालवतो आणि बॉलही टाकतो असा माणूस डोळ्यासमोर येतो. इथे तसं नाही. फ्लोअर (मोकळी मॅट), पॉमेल हॉर्स (मुठी लावलेला घोडा), रिंग, व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावर हात टेकून उडी), पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार ही सहाही साधनं एकाच खेळाडूला एकाच सत्रात करावी लागतात आणि सहांची बेरीज म्हणजे निकाल. ‘सर्वसाधारण विजेतेपद’ तर आपल्या शालेय स्पर्धांत संघाला मिळतं, ज्या शाळेचे गुण जास्त तिला फिरता चषक. सांगलीतल्या शालेय स्पर्धांत गुणांच्या टेबलावर बसताना मी स्वतः पाहिलं आहे: वैयक्तिक ऑल-अराउंडच्या यादीवर कुणीतरी ‘सर्वसाधारण’ लिहिलं आणि दोन शाळांचे शिक्षक चषक न्यायला पुढे आले. तेव्हापासून मी ऑल-अराउंडच लिहितो. साधनांची नावं मात्र आपल्या तालमीतली वापरतो. पॅरलल बारला आपली मुलं डबल बार म्हणतात, हॉरिझॉन्टल बारला सिंगल बार, आणि ते सगळ्यांना कळतं.

ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली १९०० साली, पॅरिसला. तेव्हा सोळा प्रकार होते. त्यांत लांब उडी होती, बांबूची उडी होती, वजन उचलणं होतं. १३५ जण उतरले आणि पहिले अठराच्या अठरा फ्रेंच निघाले. १९०४ मध्ये सेंट लुईसला तर जिम्नॅस्टिक्सच्या गुणांत धावणं आणि गोळाफेकही मिळवली होती. १९२४ पर्यंत दोरीवर चढणं त्यात होतं. आपल्या तालमीतल्या जुन्या माणसाला ही यादी ओळखीची वाटेल: दोरी, उडी, बार, वजन, सगळं एकाच आवारात. सहा साधनांची आजची रचना १९३६ च्या बर्लिनपासून पक्की झाली.

त्यानंतर १९५२. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हेलसिंकी म्हटलं की गोळेश्वरचा पैलवान खाशाबा जाधव आणि त्याचं कांस्य आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच हेलसिंकीत भारताचे दोन जिम्नॅस्ट पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरले होते, ही गोष्ट कुणी सांगत नाही. १९५६ मध्ये तीन गेले, १९६४ मध्ये सहा. पुढे अर्धशतक कुणीच नाही. मल्लखांबावर वाढलेल्या, औंधच्या राजांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेलेल्या या मुलखाला ती साखळी तुटल्याचं वाईट वाटलं पाहिजे, निदान मला वाटतं. मल्लखांबावर अढी मारणाऱ्या पोराची पकड आणि पोटाची ताकद सिंगल बारला लागते तीच. कमी पडली ती साधनं, मॅट आणि त्या साधनांवरची वर्षं.

हेलसिंकीतच सोव्हिएत संघ पहिल्यांदा उतरला आणि ऑल-अराउंड जिंकून गेला. तिथून १९८८ पर्यंत हे सुवर्ण एकतर सोव्हिएत खेळाडूने नेलं, नाहीतर जपानी. १९९२ चा विजेताही त्याच मुशीतला, फक्त तोवर देश फुटून संयुक्त संघ झाला होता. त्याने त्या ऑलिंपिकमध्ये सहा सुवर्णं घेतली. १९८० साली मॉस्कोत पुरुषांना ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा पूर्ण १० गुण मिळाले. १९९६ नंतर सक्तीच्या कसरती गेल्या. त्या सक्तीच्या फेरीत प्रत्येक जण तेच करायचा, त्यामुळे कोण किती नीट करतो हे शेजारी-शेजारी ठेवून दिसायचं. ती गेल्यावर प्रत्येकाची कसरत वेगळी झाली आणि ‘हिची किंमत किती’ हा प्रश्न जड झाला.

आता अथेन्स. १८ ऑगस्ट २००४.

तेव्हाच्या पद्धतीत कसरतीला आधी एक किंमत ठरायची, स्टार्ट व्हॅल्यू. तुम्ही काय काय केलं आणि ते किती अवघड, यावरून पंच ती ठरवत; जास्तीत जास्त १०. त्यातून चुकांचे गुण वजा होत. म्हणजे ९.९ किंमतीची कसरत एकही चूक न करता केली तरी ९.९ च्या वर जाता येत नसे.

दक्षिण कोरियाचा एक खेळाडू डबल बारवर आला तेव्हा पाचवी फेरी (एका फेरीत एक साधन) चालू होती. त्याने केलेल्या एका प्रकारात खेळाडू बारखालून पूर्ण झोका घेऊन वर येतो, हवेत मागे दोन कोलांट्या मारतो आणि दंडांवर, काखेत बार घेऊन थांबतो. याच्यासारखाच दुसरा एक प्रकार आहे. त्यात झोका खालून येत नाही. हातांवर तोललेलं शरीर वरूनच मागे झोकून त्याच दोन कोलांट्या, आणि शेवट तोच, दंडांवर. कोलांट्या बघणाऱ्याला दोन्ही एकसारखे दिसतात. फरक आहे सुरुवातीत, एखाद्या सेकंदाच्या तुकड्यात. बारखालून आलेला अवघड, म्हणून त्याची किंमत ०.१ ने जास्त. पंचांनी अवघड प्रकाराला सोपा समजून किंमत ९.९ लावली. ती १० हवी होती. त्याला मिळाले ९.७१२.

सांगलीकराला असा फरक समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका. ४४ फूट ११ इंच आणि ४५ फूट, नदी तीच दिसते. पण एक इंचाने कागदावरची रेघ ओलांडलेली असते आणि त्या रेघेवर घर सोडायचं की नाही हे ठरतं.

शेवटचे आकडे असे. अमेरिकेचा खेळाडू ५७.८२३. कोरियाचा एक ५७.८११. आणि ज्याची किंमत चुकली तो कोरियाचा दुसरा, ५७.७७४. अमेरिकेचा हा खेळाडू चौथ्या फेरीत व्हॉल्टवर उतरताना कोलमडला होता, जवळजवळ पंचांच्या टेबलावर गेला होता. ९.१३७ गुण आणि बाराव्या स्थानावर घसरण. तिथून डबल बारवर ९.८३७ आणि शेवटच्या सिंगल बारवर पुन्हा ९.८३७. शेवटी ९.८२५ मिळाले असते तर पहिल्या दोघांची बरोबरी झाली असती.

तिसऱ्या आलेल्या कोरियाच्या खेळाडूला हक्काचा दशांश मिळाला असता तर त्याची बेरीज ५७.८७४ होते, म्हणजे तो ०.०५१ ने पहिला. कोरियाच्या पथकाचं म्हणणं इतकंच आणि ते हिशेबाने खरं आहे. लेखी आक्षेप मात्र स्पर्धा संपल्यावर गेला. नियम असा की किंमतीबद्दलची विचारणा त्याच फेरीत झाली पाहिजे. जागतिक संघटनेने चित्रफीत पाहिली, चूक मान्य केली, तीन पंचांना निलंबित केलं आणि निकाल तसाच ठेवला.

इथपर्यंत माझ्या मते संघटनेचं वागणं कडक पण सरळ होतं. पुढचं पाऊल चुकलं. संघटनेच्या प्रमुखाने विजेत्या खेळाडूच्या नावाने पत्र लिहिलं: खिलाडूवृत्ती म्हणून सुवर्ण स्वतःहून परत कर. त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीने ते पत्र पुढे द्यायलाच नकार दिला. पंचांनी केलेली चूक, संघटनेने कायम ठेवलेला निकाल, आणि भार कुणाच्या खांद्यावर, तर ज्याने आपल्या सहा कसरती केल्या त्या मुलाच्या. निकाल बदलायचा तर बदलावा, नाही तर नाही म्हणावं. पदक घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूला ‘तूच ठरव’ म्हणणं हे संघटनेचं काम नव्हे. मी आजवर या प्रकरणावर जितकं वाचलं, त्यात पंचांच्या चुकीवर खूप लिहिलेलं आहे आणि या पत्रावर फार कमी.

मग प्रकरण क्रीडा लवादाकडे गेलं. २१ ऑक्टोबर २००४ ला अर्ज फेटाळला गेला. कारण दोन पायांवर उभं होतं. एक, आक्षेप उशिरा आला. दुसरं जास्त खोल आहे: मैदानातला निर्णय लबाडीने किंवा हेतूने दिला असेल तरच बाहेरच्या न्यायासनाने त्यात हात घालावा, नुसत्या चुकीसाठी नाही. कारण पाचव्या फेरीत तो दशांश फलकावर लागला असता तर सहाव्या फेरीत पुढचे-मागचे सगळे जण वेगळं खेळले असते. कुणी धोका पत्करला असता, कुणी टाळला असता. शेवटच्या बेरजेत दशांश मिळवून मागे जाऊन ती स्पर्धा पुन्हा खेळता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी कोरियाची बाजू घेणारे सहसा सांगत नाहीत. चित्रफीत सावकाश बघितली तेव्हा त्याच कसरतीत पंचांची दुसरी चूकही सापडली. बारखाली लोंबकळण्याच्या स्थिती, ज्यांना हँग म्हणतात, त्या तीनच चालत. त्याने चार केल्या होत्या. त्याची ०.२ वजावट कुणीच केली नव्हती. किंमतीचा दशांश दिला आणि हे दोन दशांश काढले, तर बेरीज ५७.६७४ होते, मिळाली होती त्याहून कमी. एक चूक दुरुस्त करायला चित्रफीत उघडली की सगळ्याच चुका उघडतात, आणि फक्त त्याच्याच कसरतीतल्या नाही, चोवीस जणांच्या सहा-सहा कसरतींतल्या. तो दशांश मान्य झाला असता तर दुसऱ्या आलेल्या त्याच्याच देशाच्या खेळाडूच्या हातून रौप्य जाऊन त्या खेळाडूकडे कांस्य आलं असतं, हेही क्वचितच कुणी बोलतं.

तरीही त्या मुलाबद्दल मला वाईट वाटतं ते वाटतंच. त्याने बारखालून झोका घेतला होता, आणि तो झोका ओळखणं हेच ज्यांचं काम, त्यांनी तो ओळखला नाही.

त्याच अथेन्समध्ये पाच दिवसांनी सिंगल बारच्या अंतिम फेरीत रशियाच्या खेळाडूला ९.७२५ मिळाले. प्रेक्षक उठून ओरडू लागले, स्पर्धा बराच वेळ थांबली. पंचांनी गुण वाढवून ९.७६२ केले. ओरड थांबेना तेव्हा शेवटी त्या खेळाडूनेच उभं राहून लोकांना शांत राहायला सांगितलं. पुढच्या खेळाडूला त्या गोंगाटात ताटकळत उभं राहावं लागलं होतं, आणि तो होता ऑल-अराउंडचा तोच अमेरिकी विजेता.

या दोन प्रसंगांनी १० ची पद्धत संपवली. २००६ पासून अवघडपणाचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे. सफाई १० मधून वजा होत जाते, अवघडपणाला वरची मर्यादाच नाही. म्हणून २००८ च्या बीजिंगमध्ये विजेत्याची बेरीज ९४.५७५ झाली आणि जुन्या ५७ शी तिची तुलनाच करता येईना. लोकांना १० कळत होते, आता १४.७ म्हणजे चांगलं की वाईट हे सांगावं लागतं. आमच्या टेबलावर पालक अजून विचारतात, दहापैकी किती? तरी मी नव्या पद्धतीच्याच बाजूने आहे. अवघडपणाचा आकडा सुटा दिसतो, त्यामुळे प्रशिक्षकाला लगेच कळतं की कोणता प्रकार मोजला गेला नाही, आणि विचारणाही फक्त त्याच आकड्याबद्दल करता येते. सफाईच्या गुणांवर आक्षेप नाही.

वाद संपले असं मात्र नाही. टोकियोत विजेत्याचा व्हॉल्टवर उतरताना एक पाय मॅटबाहेर गेला आणि तरी १४.७ कसे, म्हणून चीनमध्ये संताप झाला. संघटनेला वजावटीचा खुलासा जाहीर करावा लागला. त्याच स्पर्धेत चीनच्या रौप्यविजेत्याचे सिंगल बारनंतर ०.३ गुण कापले गेले, कारण कसरत संपल्यावर त्याने पंचांना हात वर करून सलामी दिली नाही. सुवर्णापासून तो ०.४ वर होता, म्हणजे सलामी दिली असती तरी रौप्यच. पण आपल्याकडे तालमीत उतरताना मातीला हात लावून कपाळाला नेल्याशिवाय पोराला कुणी पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे ही वजावट सांगलीत कुणाला जाचक वाटली नाही.

पॅरिसमध्ये अथेन्सची मुदत पुन्हा आडवी आली, या वेळी महिलांच्या फ्लोअरवर. शेवटच्या खेळाडूसाठी विचारणेला एक मिनिट असतं. अमेरिकेच्या प्रशिक्षकांची विचारणा मान्य होऊन १३.६६६ चे १३.७६६ झाले, कांस्य मिळालं, आणि मग लवादाने विचारणा चार सेकंद उशिरा आल्याचं धरून ते काढून रोमानियाच्या खेळाडूला, १३.७०० वालीला दिलं. पुन्हा एक दशांश. अथेन्समध्ये उशीर झाला म्हणून निकाल टिकला, पॅरिसमध्ये उशीर झाला म्हणून बदलला. नियम तोच होता. अथेन्समध्ये मैदानावर मुदत पाळली गेली, पॅरिसमध्ये ती मैदानावर कुणी मोजलीच नाही आणि नंतर न्यायासनाने मोजली. ते प्रकरण पुढे न्यायालयातही गेलं.

२०२५ पासून पुरुषांच्या कसरतीत दहाऐवजी आठच प्रकार मोजले जातात. प्रकार कमी झाले, म्हणजे एक जरी पंचांच्या नजरेतून सुटला तरी त्याचं वजन आता पूर्वीपेक्षा जास्त.