टूर गोल्फपटूचा आठवडा

व्यावसायिक गोल्फच्या स्पर्धांची वर्षभर चालणारी साखळी म्हणजे टूर. अमेरिकेची पीजीए टूर १९६८ मध्ये, क्लबांत शिकवणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेतून वेगळी झाली. युरोपची टूर १९७२ ची, भारताची पीजीटीआय २००६ ची. टूरवरचा खेळाडू कोणाच्या पगारावर नसतो. विमान, हॉटेल, कॅडी (बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा सोबती), प्रशिक्षक हा सगळा खर्च त्याचा स्वतःचा, आणि उत्पन्न बहुतेकांच्या बाबतीत बक्षिसाचे. गुरुवार ते रविवार चालणाऱ्या ७२ होलच्या (होल म्हणजे चेंडू टाकायचे भोक आणि तिथवरची वाट) नेहमीच्या स्पर्धेत ते बक्षीस मिळणार की नाही, हे शुक्रवारी संध्याकाळी ठरते. म्हणून आठवड्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या संध्याकाळकडे बघून आखलेली असते.

सोमवार बहुतेकांचा प्रवासात जातो. ज्यांच्याकडे कार्ड, म्हणजे हंगामभर खेळण्याचा हक्क नाही, ते त्या दिवशी १८ होलची पात्रता फेरी खेळतात. मोठ्या टूरवर त्यातून जेमतेम दोन ते चार जागा मिळतात. या वाटेने आलेला माणूस जिंकणे फार दुर्मिळ. अर्जुन अटवालने ते २०१० च्या विंडम चॅम्पियनशिपमध्ये केले आणि पीजीए टूरवर जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला.

मंगळवारची सराव फेरी बाहेरून फेरफटक्यासारखी दिसते, पण आठवड्याचे खरे काम तिथे होते. या फेरीत स्कोअरला, म्हणजे एकूण फटक्यांना (जितके कमी तितके चांगले), महत्त्व नसते. टीवरून, म्हणजे होल जिथून सुरू होते त्या जागेवरून, दोन-तीन क्लबने (काठ्यांनी) फटके मारून बघायचे: ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबने, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) पलीकडे जाता येते का, की त्याहून थोडे कमी मारणाऱ्या तीन नंबरच्या वुडने अलीकडे थांबलेले बरे. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पिन (भोकातला झेंडा) कुठे लावतील असे चार-पाच कोपरे धरून तिथे टी (चेंडू ठेवायची खुंटी) टोचायचे आणि त्या दिशेने चिप (ग्रीनबाहेरून छोटा उचललेला फटका) व पट (ग्रीनवर घरंगळवलेला फटका) करायचे. कॅडी ग्रीनची पुढची कड, बंकर ओलांडायला हवेतून लागणारे अंतर आणि चेंडू कुठे गेला तर पंचाईत होईल ती बाजू हे सगळे यार्डेज बुकात (अंतरांच्या वहीत) लिहून ठेवतो. बंकरमध्ये पाय रोवून वाळू किती खोल आहे हेही बघतो. पातळ वाळूत सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) आपटून उसळते आणि चेंडू ग्रीनपलीकडे जातो. ग्रीनच्या उतारांचे बारीक नकाशे पूर्वी सर्रास वापरत. २०२२ पासून मोठ्या टूरवर त्यांना बंदी आहे, वहीत फक्त स्वतः पाहून केलेल्या नोंदी चालतात. त्यामुळे चांगल्या कॅडीची किंमत वाढली, आणि ते योग्यच झाले.

मंगळवारी सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे स्विंगची, म्हणजे क्लब फिरवण्याच्या लकबीची, दुरुस्ती. मागच्या आठवड्यात चेंडू डावीकडे जात होता म्हणून पकड बदलायची, आणि गुरुवारी पहिल्या टीवर डोक्यात तीन सूचना घेऊन उभे राहायचे. स्पर्धेच्या आठवड्यात अंतरे आणि ग्रीनचा वेग याच गोष्टी जुळवाव्यात. स्विंग मोकळ्या आठवड्यात दुरुस्त करावा.

बुधवारी प्रो-अॅम असते. प्रायोजकांच्या पाहुण्या हौशी खेळाडूंबरोबर चालणारी ही फेरी पाच-सहा तास लांबते. पाहुण्यांशी नीट वागणे हा कामाचाच भाग आहे, कारण स्पर्धेचा पैसा त्यांच्याकडून येतो.

गुरुवार-शुक्रवारी तिघातिघांचे गट पहिल्या आणि दहाव्या टीवरून सुटतात. गुरुवारी सकाळी खेळलेला शुक्रवारी दुपारी खेळतो, म्हणजे हिशेब सारखा व्हावा. तो नेहमी होतोच असे नाही. एका दुपारी वारा सुटला की अर्ध्या लोकांना दोन-तीन फटक्यांचा फटका बसतो. टीच्या वेळेआधी साधारण सव्वा तास मैदानावर यायचे, थोडे पट, थोड्या चिप, मग वेजपासून (सर्वांत कमी अंतराच्या क्लबपासून) ड्रायव्हरपर्यंत चढत जायचे आणि पहिल्या टीवर जो क्लब लागणार त्याने शेवटचे दोन-तीन फटके मारायचे. चालणे आठ-दहा किलोमीटरचे होते. भूक लागेपर्यंत थांबले तर शेवटच्या चार होलमध्ये हात जड होतात, म्हणून केळे किंवा शेंगदाणे ठरावीक अंतराने खायचे. आपल्याकडच्या दमट हवेत तीन-चार हातमोजे लागतात. ओला हातमोजा खिशात न कोंबता बॅगेला लटकवावा. गवत ओले असेल तर चेंडू आणि क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा भाग) यांच्यामध्ये पाणी येते, फिरकी कमी होते आणि चेंडू अपेक्षेपेक्षा लांब पळतो. अशा वेळी नेहमीपेक्षा एक पायरी कमी अंतराचा क्लब घेतात.

दोन फेऱ्यांनंतर, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, कट लागतो. पीजीए टूरवर पहिले ६५ आणि त्या गुणांवर बरोबरीत असलेले सगळे पुढे जातात. सर्वांत मोठ्या स्पर्धांचे आकडे वेगळे: मास्टर्समध्ये ५०, यूएस ओपनमध्ये ६०, ब्रिटिश ओपनमध्ये ७०. उरलेले घरी. पीजीए टूरवर विजेत्याला एकूण रकमेचे १८ टक्के, दुसऱ्याला १०.९ टक्के, तर पासष्टाव्याला शंभर रुपयांतले जेमतेम वीस-बावीस पैसे मिळतात. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०२२ च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एका फटक्याने दुसरा आला. पावसामुळे ती स्पर्धा सोमवारी संपली; दोन कोटी डॉलरच्या रकमेतून त्याला २१ लाख ८० हजार डॉलर मिळाले. कॅडीचा वाटा रूढीने विजयात दहा टक्के, पहिल्या दहात सात, एरवी पाच. कट चुकला तरी कॅडीचे आठवड्याचे मानधन द्यावेच लागते. २०२२-२३ च्या हंगामापासून पीजीए टूरने पूर्ण कार्डधारकांना हंगामाला किमान पाच लाख डॉलरची हमी दिली आहे. लहान टूरवर असा आधार नाही, तिथे सलग चार कट चुकले की पुढच्या तिकिटाचा प्रश्न उभा राहतो.

खेळ चांगला होऊनही गुण जातात ते नियमांपायी. टीवर पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटक्यांचा दंड, त्याहून जास्त झाला तर बाद. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून सही केली तर बाद. जास्त लिहिला तर तो तसाच कायम. १९६८ च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे विचेन्झोच्या स्कोअरच्या कार्डावर सतराव्या होलला तीनऐवजी चार लिहिले गेले, त्याने तशीच सही केली आणि प्लेऑफ (बरोबरी सोडवणारी जादा फेरी) हुकला. बॅगेत क्लब जास्तीत जास्त १४. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये इयन वूस्नमच्या बॅगेत सरावातला दुसरा ड्रायव्हर राहिला. ती स्पर्धा झाली त्या रॉयल लिदम मैदानाचे पहिले होल पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपावे असे छोटे, तिथे ड्रायव्हर लागतच नाही, त्यामुळे पंधरावा क्लब दुसऱ्या टीवर सापडला आणि दोन फटके गेले. पहिल्या टीवर जाण्याआधी क्लब मोठ्याने मोजण्याची सवय म्हणूनच सोडू नये.

प्रवासात ड्रायव्हरचे डोके काढून मोज्यात गुंडाळतात आणि सर्वांत लांब क्लबपेक्षा उंच दांडी बॅगेत उभी ठेवतात, म्हणजे धक्का दांडीला बसतो. बूट मात्र हातातल्या बॅगेत. बॅग हरवली तर क्लब उसने मिळतात, पण परके बूट घालून १८ होल चालले की टाचेला फोड येतात. विमानातून उतरल्यावर आयर्नचे (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबांचे) कोन तपासून घ्यावेत. मोठ्या टूरवर त्यासाठी कंपन्यांच्या कार्यशाळा-गाड्या उभ्या असतात.

सलग तीन-चार आठवडे खेळून एक मोकळा ठेवणे बहुतेकांना मानवते. कार्ड जाण्याच्या बेतात असलेला खेळाडू नेमका याच्या उलट वागतो: हंगामाचे गुण कमी पडतात म्हणून सहावा, सातवा आठवडा खेळतो. थकवा आधी ड्रायव्हरमध्ये दिसत नाही, चार-पाच फुटांच्या पटमध्ये दिसतो. मग कंबर आणि मनगट बोलू लागते.