मॉडेल रेल्वेवरील सिग्नल : वायरिंग आणि तपासणीची पार्श्वभूमी

भुसावळ-पाचोरा पट्ट्यातील जुनी माणसे गाडीला वाट मिळाली की आजही ‘सिग्नल पडला’ असेच म्हणतात. रंगीत दिव्यांच्या सिग्नलमध्ये पडण्यासारखे काही उरलेले नाही. हा शब्द त्या काळातला आहे, जेव्हा सिग्नलचा हात आडवा असला की गाडी थांबे आणि खाली झुकला की सुटे. घरातील मॉडेल रेल्वेच्या पाटाखाली आज जी वायरिंग केली जाते, तिच्या अडचणींचे मूळ समजून घ्यायचे तर या हातापर्यंत मागे जावे लागते.

हाताचा सिग्नल रेल्वेवर प्रथम 1841 च्या सुमारास लंडनजवळच्या न्यू क्रॉस येथे उभा राहिला. सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे हलते रूळ) आणि सिग्नल एकमेकांशी जखडणाऱ्या इंटरलॉकिंगचे पेटंट जॉन सॅक्सबी यांनी 1856 मध्ये घेतले. तरीही 1876 च्या जानेवारीत इंग्लंडमधील अ‍ॅबट्स रिप्टन येथे बर्फामुळे सिग्नलचे हात ‘वाट मोकळी’ याच स्थितीत अडकून राहिले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्या मार्गावर सिग्नल एरवी मोकळाच ठेवण्याची रीत होती. अपघातानंतर ती उलटली आणि ‘थांबा’ ही सिग्नलची मूळ स्थिती ठरली. आपल्याकडच्या खाली झुकणाऱ्या हाताला जड प्रतिभार लावलेला असे तो याचसाठी, की तार तुटली तर हात आपोआप वर जाऊन आडवा व्हावा.

हीच कल्पना विजेच्या भाषेत अमेरिकेतील विल्यम रॉबिन्सन यांनी 1872 मध्ये मांडली. रुळांच्या एका तुकड्यातून बॅटरीचा प्रवाह सतत खेळता ठेवायचा आणि त्या प्रवाहाने रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने हलणारा स्विच, उचललेला ठेवायचा. गाडीची चाके दोन रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले पडतो आणि लाल दिवा लागतो. या रचनेचे खरे मोल असे, की बॅटरी संपली, तार तुटली किंवा रूळ भंगला तरी परिणाम तोच होतो, म्हणजे लाल.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे 1870 मध्ये जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडली गेली आणि मुंबई-कलकत्ता सलग मार्ग पुरा झाला. भुसावळला त्या मार्गाला दोन फाटे फुटतात, एक खंडव्याकडे आणि दुसरा अकोला-नागपूरकडे, आणि रेल्वेची नोकरी हा तेथील घराघरांचा इतिहास आहे. सिग्नलच्या बत्त्या त्या काळी रॉकेलच्या असत. रॉकेलची ज्योत पिवळी, म्हणून ‘हिरवी’ काच प्रत्यक्षात निळसर ठेवावी लागे. मॉडेल करणाऱ्यांना हा बारकावा अनेकदा माहीत नसतो आणि ते हाताच्या सिग्नलला गडद हिरवी काच लावून मोकळे होतात. विजेचे स्वयंचलित रंगीत सिग्नल 1928 मध्ये मुंबईत व्हीटी ते भायखळा या टप्प्यावर आले.

खेळण्यातल्या रेल्वेची वाट वेगळी होती. मेर्कलिन या जर्मन कंपनीने 1891 मध्ये रुळांची ठरावीक मापे बाजारात आणली, ब्रिटनमध्ये हॉर्नबीच्या गाड्या 1920 मध्ये आल्या; पण सिग्नल बराच काळ शोभेचाच राहिला, बोटाने हलवायचा पत्र्याचा हात. त्याला ‘अक्कल’ देण्याचे काम हौशी लोकांनी केले. अमेरिकेतील एमआयटीमध्ये 1946 साली सुरू झालेल्या विद्यार्थ्यांच्या मॉडेल रेल्वे क्लबने टेलिफोनचे रिले जमवून गाड्यांची नियंत्रणव्यवस्था उभी केली. त्यांच्या ‘सिग्नल आणि पॉवर’ उपसमितीतून पुढे संगणकावर रमणारी पहिली पिढी निघाली, हे जाता जाता सांगण्यासारखे आहे.

मॉडेलवाल्यांना एक अडचण मात्र टाळता आली नाही. त्यांच्या रुळांतून इंजिनाच्या मोटारीचा प्रवाह वाहतो, त्यामुळे रॉबिन्सन यांची रचना तेथे सरळ बसत नाही. म्हणून त्यांनी उलटा मार्ग धरला : रुळाच्या पुरवठ्यात दोन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) उलटसुलट जोडायचे आणि प्रवाह वाहू लागला की त्यांच्यावर पडणाऱ्या सुमारे 0.7 व्होल्टवरून ‘येथे गाडी आहे’ असे ओळखायचे. हे स्वस्त आणि सोपे असल्याने सर्वत्र रूढ झाले, पण त्यात मूळ तत्त्वच उलटे झाले. खऱ्या रेल्वेत प्रवाह नसणे म्हणजे धोका. मॉडेलमध्ये प्रवाह नसणे म्हणजे वाट मोकळी. माझ्या मते मॉडेलच्या सिग्नलची तपासणी किचकट होते ती इथे, दिव्यांच्या वायरिंगमध्ये नव्हे.

दिव्यांचे गणित तसे थोडक्यात आटोपते. पुरवठा 12 व्होल्टचा, लाल एलईडी सुमारे 2 व्होल्टचा. 10 मिलिअँपिअर हवे असतील तर एक किलोओहमचा रोधक पुरतो. नव्या हिरव्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात, त्यामुळे लाल-हिरव्याला एकच रोधक दिला आणि चुकून दोन्ही चालू झाले तर फक्त लाल पेटतो. नकळत का होईना, ही चूक योग्य बाजूला झुकते.

खानदेशातील हौशी माणसाला मापाचा एक योग सहज लाभला आहे. एचओ मापात, म्हणजे 1:87 प्रमाणात, रूळ 16.5 मिमी अंतराचे असतात. आपला 1676 मिमीचा ब्रॉडगेज त्या हिशेबाने 19.3 मिमी व्हायला हवा, म्हणून तेथे तडजोड करावी लागते. पण आता बंद झालेल्या पाचोरा-जामनेर ‘पीजे’चा 762 मिमीचा मार्ग 8.8 मिमी भरतो आणि बाजारातल्या 9 मिमीच्या रुळावर जवळजवळ चपखल बसतो. माझ्या पाटावर म्हणूनच पाचोरा आहे : ब्रॉडगेजवर सिग्नल आणि कडेला पीजे.

त्या पाटावर एका मे महिन्यात एक सिग्नल रिकाम्या रुळावरही लालच राहू लागला. दोन मीटरचा निकेल-सिल्व्हरचा रूळ तापमान 25 अंशांनी चढले की सुमारे 0.8 मिमी वाढतो आणि रुळाचे विभाग विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवण्यासाठी पातळ चकतीने कापलेली फट तेवढ्यात मिटते. दोन विभाग जोडले गेले होते. हा दोष दिसला, कारण तो लाल होता. फटीत प्लास्टिकचा तुकडा चिकटवून तो मिटला. दुसरा दोष दिसलाच नाही. लूपलाइनच्या, म्हणजे मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळाच्या, पुरवठ्याची तार सोल्डरपाशी सुटली होती. इंजिन तेथे जाऊन निपचित थांबले, प्रवाह शून्य झाला आणि मागचा सिग्नल शांतपणे हिरवा झाला. दुसरी गाडी त्यावर जाऊन आदळली. रुळांवर धूळ बसून इंजिन अडले, तरी हेच घडते; मागे सुटलेला डबा तर प्रवाह घेतच नाही, म्हणून त्याच्या आसावर दहा किलोओहमचा रोधक लावावा लागतो.

आता तपासणीच्या दिवशी मी गाडी चालवून पाहण्याआधी प्रत्येक विभागात एक डबा उभा करतो, सिग्नल लाल झाल्याची खात्री करतो आणि मग त्या विभागाची तार मुद्दाम उपटतो. जेथे दिवा हिरवा होतो, तेथे तारेला आणखी एक सोल्डर आणि शेजारी दुसरी तार दिली जाते.