शेळी फुगली: तेल पाजायचं की सोडा?

लसूणघास खाऊन फुगलेली शेळी आणि ज्वारीच्या राशीत तोंड घालून आजारी पडलेली शेळी, गावात दोघींनाही ‘पोटफुगी’च म्हणतात. उपायही एकच, गोडेतेल. पहिलीचा जीव त्याने वाचतो. दुसरीला त्याचा काही उपयोग होत नाही, हातातले तास मात्र निघून जातात.

घासाची फुगी झपाट्याने येते. कोवळा, दहिवराने ओला घास उपाशीपोटी खाल्ला की कोठीपोटातला (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटातला) वायू बारीक फेसात अडकतो आणि ढेकर बंद होते. तासाभरात डावी भकाळी, म्हणजे बरगड्या आणि मांडीमधला खळगा, वर येते, टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. शेळी पोटाला लाथा मारते, तोंड उघडून श्वास घेते. मरते ती विषाने नव्हे. फुगलेलं पोट छातीवर दाबतं आणि श्वास कोंडतो. मोठ्या शेळीला 50 ते 100 मिली शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल घोट घोट पाजा, फेस मोडतो. पाजताना मान उंच करू नका. तेल फुप्फुसात उतरलं तर फुगीतून वाचलेली शेळी न्यूमोनियाने जाते. पुढचे पाय ओट्यावर चढवून भकाळी चोळत राहा. सुई टोचण्याची घाई नको, कारण फेस सुईतून बाहेर येत नाही.

धान्याचा आजार उशिरा कळतो, म्हणूनच तो जास्त फसवतो. खळ्यावरची ज्वारी, मक्याचा भरडा, लग्नातला उरलेला भात-चपाती पोटात गेली तरी त्या संध्याकाळी शेळी ठीक दिसते. कोठीपोटात मात्र लॅक्टिक आम्ल साचत असतं. ते रक्तातलं पाणी पोटात ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी शेळी रवंथ करत नाही, दात खाते, झोकांड्या देते. पोट थोडं फुगलेलं असतं, पण भकाळी ताठ नसते. मूठ दाबली तर आधी मऊ लागते, पुढे आत पाणी खळखळतं. लेंड्यांऐवजी आंबूस वासाची पातळ हगवण होते, डोळे खोल जातात. इथे खायचा सोडा हवा: 30 किलोच्या शेळीला 20 ते 30 ग्रॅम, अर्धा लिटर कोमट पाण्यात. खुराक (दाणा-पेंड) पूर्ण बंद, पुढे फक्त कोरडा कडबा. शेळी बसली तर शिरेतून सलाईन लागतं, घरचे उपाय करत थांबू नका. हाच सोडा घासाच्या फुगीत दिला तर फेस मोडत नाही, उलट आणखी वायू सुटतो.

म्हणून बाटली हातात घेण्याआधी शेळीने शेवटचं काय खाल्लं ते विचारा आणि भकाळी दाबून पाहा. दोन्हींतलं काहीच खाल्लेलं नसताना अचानक फुगली आणि लाळ गळत असेल, तर घशात आंब्याची कोय किंवा बटाटा अडकलाय का तेही बघा.

दुष्काळी पट्ट्यात धान्याचाच आजार महाग पडतो. हिरवा चारा संपला की दूध टिकवायला लोक खुराक एकदम वाढवतात. जीव वाचला तरी बहुधा त्या वेतात दूध पहिल्यासारखं येत नाही. खूर सुजून शेळी लंगडते ते वेगळंच. लिटरभर दुधामागे 300 ते 400 ग्रॅम आणि अंगपोषणाला 200 ग्रॅमच्या आसपास खुराक पुरतो. तो दोन वेळांत विभागा, दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. धान्य जाडसर भरडा, पीठ करू नका, कारण पीठ पोटात लवकर आंबतं. सकाळी आधी कडबा किंवा तुरीचं भूस, मग खुराक. घास कापून तीन-चार तास सुकवूनच टाका. धान्याच्या अतिखाण्यावर आंत्रविषारही (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा आजार) उठतो आणि त्यात सोड्याला वेळच मिळत नाही; त्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या.