खड्डा कुठल्या थरातून खणला?

उत्खनन म्हटलं की लोकांना सोन्याचा हंडा आठवतो. चरात उतरलेल्या माणसाचा बहुतेक दिवस मात्र मातीचा रंग बघण्यात जातो.

महाराष्ट्रात जुनी वस्ती शोधायची तर आधी शेतकऱ्याला विचारावं. काळ्या रानात मधेच एखादं पांढरट-राखाडी टेकाड असतं, त्याला तो पांढर म्हणतो. पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडं यांची ती माती. पिकाला चांगली म्हणून ती गाड्या भरभरून शेतात टाकली जाते, आणि कित्येक प्राचीन गावं अशी खतात गेली आहेत. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठचं इनामगाव सुदैवाने हाती लागलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे ताम्रपाषाण युगातल्या, म्हणजे दगडासोबत तांबंही वापरणाऱ्या शेतकऱ्यांचं गाव उघडं केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातलं.

अशा जागी काम उजाडताच सुरू होतं, कारण माती थोडी ओलसर असते आणि ऊन तिरपं. तेव्हा थरांमधले फरक डोळ्यांना दिसतात; खालचा थर जुना, वरचा नंतरचा. दुपारी सगळं वाळून एकाच रंगाचं होतं, मग पाण्याचा हलका फवारा मारावा लागतो. कुदळीने वरची माती काढायची, पण रंग किंवा पोत बदलला की कुदळ बाजूला ठेवून खुरपं घ्यायचं. चरांच्या मधे मातीची उभी पट्टी मुद्दाम न खणता सोडतात. खणलेला थर पुन्हा कधीच दिसणार नसतो, तो कुठे आणि किती जाड होता याचा तेवढाच उभा पुरावा राहतो. म्हणून मला चरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू ही न खणलेली भिंतच वाटते.

इनामगावात घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल. आता समजा, संध्याकाळच्या आत असे रांजण उघडे पडले. पहिला प्रश्न रांजणांचा नसतोच. त्यांच्यासाठी खणलेला खड्डा कुठल्या थरातून सुरू झाला, हे आधी ठरवायचं. खड्ड्याची कड जमिनीच्या सारवणापाशी संपत असेल आणि त्यावर दुसरं सारवण अखंड असेल, तर घरात माणसं राहत असताना मूल पुरलं आणि वरून पुन्हा सारवलं. तीच कड त्या जमिनीला छेदून आणखी वर जात असेल, तर घर मोडल्यावर कुणीतरी तिथे खणलं. रांजण तेच, हाडं तीच, पण पहिल्या वेळी आईबाप त्याच जागेवर रोज वावरत होते, दुसऱ्या वेळी नाही. रांजण घाईने उचलले की हा फरक सांगणारं काही उरत नाही. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचा मणी भेगेतून खालच्या थरात जाऊन बसतो. त्याच्या भरवशावर थराचा काळ ठरवला तर फसगत नक्की.

इथल्या प्रौढांची पावलं घोट्याखाली तोडलेली आढळली. मृतात्मा परत चालत येऊ नये म्हणून, असा एक तर्क आहे. चरातल्या नोंदवहीत तर्काला जागा नसते. तिथे एवढंच लिहायचं: पावलांची हाडं नाहीत; त्या बाजूला नंतरचा खड्डा नाही, उंदरांची बिळं नाहीत; बाकीची हाडं जागच्या जागी. एका सांगाड्यावरून काहीच म्हणता येत नाही. तोच प्रकार दफनामागून दफनात दिसला, म्हणून तोडणं मुद्दाम होतं असं म्हणता आलं. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घरात मात्र चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला पुरुष मिळाला, आणि त्याची पावलं शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा हा अंदाज घर, रांजण आणि पावलं तिन्ही एकत्र नोंदली गेली म्हणूनच करता येतो.

ऊन उतरलं की खापरं धुवायला जातात, चुलीजवळची माती मात्र वेगळी ठेवायची. ती पाण्यात ढवळली की जळालेले दाणे वर तरंगतात. इनामगावचे लोक मुख्यतः जव पिकवत होते हे अशा जळक्या दाण्यांवरूनच कळलं.