आयसीएमआरची एसटीएस: विदर्भातल्या एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

एमबीबीएस करतानाच स्वतःच्या नावावर एक संशोधन व्हावं असं वाटत असेल, तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे एसटीएस, हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. 1979 पासून ही योजना सुरू आहे. एका शिक्षकाच्या हाताखाली दोन महिने काम करायचं, अहवाल द्यायचा, आणि तो मंजूर झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळतं. अलीकडे ही रक्कम एकूण 50,000 रुपये आहे. सेवाग्रामसारख्या जुन्या कॉलेजात अशा गोष्टी सीनियर्सकडून कळतात. गडचिरोली, भंडारा, वाशीम, बुलढाणा इथली सरकारी कॉलेजं 2024 साली सुरू झाली. तिथे विचारायला जुने सीनियर नाहीत. त्या मुलामुलींसाठी हे सविस्तर लिहितोय.

पात्रता सोपी आहे. मान्यताप्राप्त कॉलेजात एमबीबीएस किंवा बीडीएसला शिकत असलं पाहिजे. इंटर्न आणि पीजीवाल्यांना अर्ज करता येत नाही. गाइड, म्हणजे ज्याच्या हाताखाली काम करायचं तो शिक्षक, पूर्णवेळ प्राध्यापकवर्गातला हवा, रेसिडेंट चालत नाही. एका गाइडकडून एकाच विद्यार्थ्याचा अर्ज जातो, त्यामुळे चांगले गाइड लवकर संपतात. जाहिरात येण्याची वाट न बघता आधीच भेटा.

या भेटीवरच सगळं अवलंबून आहे, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक जण विषय ठरवून सहीसाठी गाइड शोधतात. उलटं करा. जो शिक्षक तुमच्यासोबत एकदा तरी गावात येईल, प्रश्नावली ओळीओळीनं तपासेल, त्याला आधी धरा आणि विषय दोघं मिळून काढा. विचारायला संकोच करू नका: ‘सर, आठवड्यातून एक तास द्याल का? डेटा भरायला लागलो की पहिले दहा फॉर्म तुम्ही बघाल का?’ कम्युनिटी मेडिसिनच्या शिक्षकांचा पीएचसीशी (प्राथमिक आरोग्य केंद्राशी) आणि आशाताईंशी रोजचा संबंध असतो. गावात काम करायचं असेल तर ती ओळख फार कामी येते. सर दुसऱ्या विभागाचे असतील, तर हा संबंध कसा जुळवणार तेही त्याच भेटीत ठरवा.

विषय दोन महिन्यांत मावेल एवढाच घ्या. आपल्याकडे विषयांना तोटा नाही: गरोदर मातांची सिकलसेल तपासणी, फवारणीच्या वेळी कास्तकार तोंडाला काय बांधतात, सर्पदंशानंतर रुग्ण दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो. मात्र शेतीचं वेळापत्रक बघूनच महिने ठरवा. यवतमाळकडे कपाशीवरची फवारणी पावसाळ्यात जोरात असते. तोच अभ्यास मे महिन्यात ठेवला तर लोक आठवणीतून उत्तरं देतील. गडचिरोली-गोंदियात मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत माणसं पहाटेच रानात जातात. सकाळी गावात गेलात तर म्हातारी माणसं आणि लेकरं तेवढी भेटतील, आणि नमुना तिथेच एका बाजूला कलेल.

अर्ज ऑनलाइन असतो. नोंदणी, गाइडची माहिती, मग प्रस्ताव: पार्श्वभूमी, उद्दिष्टं, पद्धत, नमुना आकार, अपेक्षित उपयोग. शब्दमर्यादा आणि तारखा त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच घ्या, सीनियरच्या जुन्या पीडीएफवरून नको. प्रस्ताव स्वतःच्या शब्दांत लिहा, उचललेला मजकूर पकडला जातो. सोबत साक्षांकन फॉर्म लागतो, त्यावर तुमची, गाइडची आणि संस्थाप्रमुखांची सही-शिक्का. डीन साहेब बैठकीला नागपूर-मुंबईला गेले की फॉर्म टेबलावर पडून राहतो. शेवटच्या आठवड्यावर हे काम ठेवू नका.

एथिक्स कमिटीची, म्हणजे कॉलेजातल्या संशोधन नीतिमत्ता समितीची, मंजुरी हातात आल्याशिवाय लोकांकडून एकही प्रश्नावली भरून घ्यायची नाही. कमिटीची बैठक रोज होत नसते, म्हणून पुढची तारीख सदस्य सचिवांच्या ऑफिसात आधी विचारून ठेवा. नव्या कॉलेजात कमिटी नोंदणीकृत आहे का तेही पाहा. नसेल तर काय सोय आहे ते गाइडलाच विचारावं लागेल. कमिटीपुढे प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), प्रश्नावली, माहितीपत्रक आणि संमतीपत्र ठेवायचं असतं. शेवटचे दोन मराठीत हवेत, आणि भाषा लोकांच्या बोलण्यातली हवी. ‘सदर अभ्यासातील आपला सहभाग ऐच्छिक आहे’ यापेक्षा ‘तुमची इच्छा असेल तरच भाग घ्या, नाही म्हटलं तरी उपचार तेच मिळतील’ हे गावातल्या बाईला लगेच कळतं. सही येत नसेल तर अंगठा आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही. सहभागी 12 ते 18 वयाचा असेल तर पालकांच्या संमतीसोबत त्याचीही लेखी सहमती, 7 ते 12 असेल तर तोंडी. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरी जाणार असाल तर समजावून सांगणारं माणूस कोण, हे प्रोटोकॉलमध्येच लिहा.

निवड झाली की दोन महिने भुर्रकन जातात, कारण लेक्चर आणि पोस्टिंग्ज चालूच असतात. डेटा सहाव्या आठवड्यापर्यंत संपवा, उरलेला वेळ विश्लेषण आणि लेखनाला ठेवा. अहवाल मुदतीत गेला नाही तर केलेल्या कामाचं ना प्रमाणपत्र, ना पैसे. विद्यावेतन अहवाल मंजूर झाल्यावरच येतं आणि ते विद्यार्थ्यासाठी असतं. अभ्यासाच्या खर्चाला वेगळा निधी नसतो. म्हणून एसटीचं भाडं, झेरॉक्स आणि तपासणीचे किट यांचा खर्च विभाग करणार की तुम्ही, हे प्रस्ताव पाठवण्याआधी गाइडशी बोलून घ्या.