काडतूस रिलोडिंगचं साहित्य सीमेपार पाठवणं : कायदे आणि परवाने

एकदा उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा वापरायची, तिच्यात नवीन टोपी, नवीन दारू आणि नवीन गोळी बसवायची, याला रिलोडिंग म्हणतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात बरेच नेमबाज आणि शिकारी हे काम घरच्या टेबलावर छोट्या प्रेसने करतात. साहित्य चारच प्रकारचं लागतं, पितळेची पुंगळी, टोपी म्हणजे ठोका बसताच पेटून दारू पेटवणारा प्रायमर, स्मोकलेस पावडर म्हणजे दारू आणि बुलेट म्हणजे गोळी. पण हे साहित्य देशाबाहेर पाठवायचं म्हटलं की दोन पूर्ण वेगळे कायदे एकदम लागू होतात, एक शस्त्रांचा आणि दुसरा धोकादायक मालाच्या वाहतुकीचा, आणि एकाचा परवाना दुसऱ्याच्या जागी अजिबात चालत नाही. शिवाय दोन्ही कायदे पाठवणाऱ्या देशातही असतात आणि घेणाऱ्या देशातही.

आधी शस्त्रांची बाजू. संयुक्त राष्ट्रांचा २००१ चा फायरआर्म्स प्रोटोकॉल २००५ मध्ये लागू झाला. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत पूर्ण काडतुसासोबत पुंगळी, प्रायमर, पावडर आणि बुलेट हे सुटे भागही धरलेत, पण एका अटीवर, त्या त्या देशात त्या भागाला परवानगी लागत असेल तरच. सगळ्या भानगडीचं मूळ या अटीत आहे, कारण प्रत्येक देशाने रेषा वेगळ्या ठिकाणी मारली. ब्रिटनमध्ये २००६ च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन कायद्यापासून टोपी प्रकारचे प्रायमर विकत घ्यायचे तर सर्वसाधारणपणे फायरआर्म सर्टिफिकेट किंवा तसा अधिकार दाखवावा लागतो. एका देशात दुकानात सहज मिळणारी वस्तू दुसऱ्या देशात परवान्याशिवाय जवळ ठेवणं गुन्हा ठरू शकतं, त्यामुळे ‘आमच्याकडे चालतं’ हे कस्टम्सच्या काउंटरवर सांगून काही उपयोग नसतो.

अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल कायद्याची व्याख्या सरळ आहे, बंदुकीसाठी बनवलेली पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि पावडर, चारही गोष्टी ‘ॲम्युनिशन’च. हा माल अमेरिकेत आणायचा तर शस्त्रं आणि स्फोटकांवर लक्ष ठेवणाऱ्या एटीएफ या खात्याचा फॉर्म ६ मंजूर करून घ्यावा लागतो. बाहेर पाठवण्याचं खातं मात्र वेगळं आहे. ९ मार्च २०२० पर्यंत ही निर्यात परराष्ट्र खात्याच्या आयटार या शस्त्रनिर्यातीच्या नियमांखाली होती, त्या दिवसापासून बहुतेक साधा दारूगोळा आणि त्याचे भाग वाणिज्य खात्याच्या बीआयएस या निर्यात-नियंत्रण विभागाकडे आले आणि ०ए५०५ या कंट्रोल नंबरखाली बसले. तो नंबर आणि माल जाणार तो देश मिळून ठरतं की लायसन्स लागणार का. लोक इथे हमखास एक गैरसमज करून घेतात, निर्यात म्हणजे मोठे कंटेनर आणि कंपन्या असं त्यांना वाटतं, पण नातेवाइकाला पाठवलेलं पार्सल आणि स्वतःच्या सुटकेसमधली बुलेटची डबीसुद्धा कायद्याने निर्यातच असते. जाणूनबुजून नियम मोडल्यास २०१८ च्या एक्स्पोर्ट कंट्रोल रिफॉर्म कायद्याखाली २० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

आता वाहतुकीची बाजू. इथे चार वस्तूंचे रस्ते फुटतात. टोपी नसलेली पुंगळी आणि नुसती बुलेट हे धातूचे तुकडे, वाहतुकीच्या दृष्टीने धोकादायक माल नाही. टोपी बसवलेली रिकामी पुंगळी मात्र स्फोटकांच्या वर्ग १ मध्ये जाते, नंबर यूएन ००५५ (यूएन नंबर म्हणजे धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक). सुटे प्रायमर यूएन ००४४, आणि पावडर यूएन ०१६१ खाली १.३सी किंवा यूएन ०५०९ खाली १.४सी (हे वर्ग १ मधले धोक्याचे उपवर्ग, १.४ हा १.३ पेक्षा सौम्य), कुठली ते टेस्टिंग आणि पॅकिंग पाहून सक्षम अधिकारी ठरवतात.

प्रायमरचं नीट समजून घ्यायला हवं, कारण धोका तिथेच सगळ्यात जास्त लपलेला असतो. यूएन ००४४ ला १.४एस हा सौम्य दर्जा आहे, म्हणजे चुकून काही झालं तरी परिणाम खोक्याच्या जवळपासच राहावा. पण हा दर्जा त्या मंजूर पॅकिंगसकट मिळालेला असतो, ज्यात प्रत्येक टोपी ट्रेच्या आपापल्या खाचेत दुसरीपासून लांब बसलेली असते. त्याच टोप्या काढून जागा वाचवायला एका बरणीत भरल्या तर एक फुटली की बाकीच्या सगळ्या एकदम फुटू शकतात, आणि मग लेबलवर १.४एस लिहिलेलं असलं तरी आतला माल तो राहिलेला नसतो. म्हणून मूळ पॅकिंग बदलून पाठवणं हा कागदपत्रांमधला किरकोळ दोष नाही, पार्सल उचलणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

पावडरच्या बाबतीत अमेरिकेतल्या लोकांची फसगत वेगळ्या कारणाने होते. देशांतर्गत वाहतुकीत १०० पौंडांपर्यंतची छोट्या शस्त्रांची स्मोकलेस पावडर, ठरलेल्या अटी पाळल्या तर, ज्वलनशील घन पदार्थ म्हणून वर्ग ४.१ मध्ये पाठवता येते, पण ही सवलत त्यांच्या देशापुरती आहे, माल परदेशी निघाला की तीच बाटली पुन्हा वर्ग १ चं स्फोटक होते. हॉजडन या कंपनीच्या नावाने अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही पावडरी ऑस्ट्रेलियातल्या मुलवालाच्या कारखान्यात बनतात, विहताव्हुओरी या ब्रँडची पावडर फिनलंडमधून येते, म्हणजे कायदेशीर मार्ग आहेच, पण तो परवानाधारक आयातदार आणि स्फोटकं घेणाऱ्या जहाजांचा आहे.

पोस्टाचा मार्ग बंदच. जागतिक पोस्ट संघाच्या नियमांनुसार स्फोटकं टपालात चालत नाहीत. विमानात एअरलाइनची परवानगी असेल तर चेक-इन सामानात स्वतःसाठी ५ किलोपर्यंत तयार काडतुसं नेता येतात, प्रायमर आणि पावडर मात्र ना हातातल्या बॅगेत चालते ना चेक-इनमध्ये.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याची व्याख्या बरीच रुंद आहे, दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा त्यात ‘दारूगोळा’ म्हणून येतात, त्यामुळे रिकामी पुंगळीच काय, रिलोडिंग प्रेसही त्या शब्दांत बसू शकतो. कलम ५ प्रमाणे बनवायला आणि कलम १० प्रमाणे आयात-निर्यातीला परवाना लागतो. स्वतःच्या वापरासाठी वाजवी प्रमाणात आणायची सवलत कलम १० मध्येच आहे, पण ती ज्याला तो माल कायद्याने बाळगता येतो त्यालाच, आणि कस्टम्सला शंका आली तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत माल अडवून ठेवता येतो. पावडर आणि प्रायमरवर १८८४ चा विस्फोटक कायदा आणि २००८ चे नियमही येतात, ते राबवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. निर्यातीला स्कोमेट या भारताच्या निर्यात-नियंत्रण यादीचा सहावा गट पाहावा लागतो. कस्टम्सच्या वर्गीकरणातही पुंगळी आणि बुलेट ९३०६ मध्ये, पावडर ३६०१ मध्ये, प्रायमर ३६०३ मध्ये, त्यामुळे सगळं मिळून ‘स्पोर्ट्स गुड्स’ असं बिलावर लिहिणं म्हणजे थेट चुकीचं डिक्लेरेशन.

आपल्याकडच्या रायफल नेमबाजीला यातलं बरंचसं लागू होत नाही. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात पॉइंट टू टू रिमफायर काडतूस असतं, त्याचं प्रायमिंग मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असल्यामुळे ते रिलोड होत नाही, तयार काडतूसच घ्यावं लागतं.

परदेशातल्या रेंजवरून आठवण म्हणून पुंगळी खिशात टाकून आणणाऱ्यांची विमानतळावर चौकशी होऊ शकते. सुप्रीम कोर्टाने १९७२ च्या गुणवंतलाल प्रकरणात सांगितलंय की शस्त्र कायद्यात ताबा हा जाणीवपूर्वक असायला हवा, नकळत बॅगेत राहिलेल्या वस्तूसाठी बचाव तिथून मिळतो, पण मुद्दाम ठेवलेल्या आठवणीला तो लागू पडत नाही.

कागदांचा क्रमही ठरलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या फायरआर्म्स प्रोटोकॉलच्या कलम १० प्रमाणे निर्यात परवाना देण्याआधी घेणाऱ्या देशाचा आयात परवाना निघालाय का आणि मधल्या देशांनी हरकत नसल्याचं लेखी कळवलंय का हे तपासायचं असतं. म्हणून सुरुवात घेणाऱ्याकडून करायची, आयात परवाना हातात आल्यावरच निर्यातीचा अर्ज आणि त्यानंतर वर्ग १ चा माल घेणाऱ्या वाहतूकदाराचं बुकिंग.