नोटेशन लिहायला आधी कीबोर्ड घ्यावा लागतो का?

‘कॉम्प्युटरवर नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, लिहायची तर मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायचा पियानोसारखा कीबोर्ड) हवाच,’ असं कोल्हापुरातल्या बँडवाल्यांपासून गाण्याच्या क्लासपर्यंत बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात साधा लॅपटॉप पुरतो. म्यूजस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर टाका आणि स्वतःच पडताळा. नवा स्कोअर (स्वरलिपीचं पान) उघडून पहिल्या मापावर, म्हणजे उभ्या रेघांमधल्या पहिल्या खणावर, क्लिक करा, एन दाबा, मग 5. आता सी, डी, ई, एफ, जी टाइप करा. सी म्हणजे सा धरला, तर सा-रे-ग-म-प पाच रेघांवर उमटतात, प्रत्येकी एक मात्रा. 5 ऐवजी 4 दाबलंत तर अर्धी. स्पेसबार दाबून ऐकाही.

मिडी कीबोर्डने हात भरभर चालतो, हे खरं. पण ती नुसती सोय. जपायचं ते क्लॅरिनेटला: बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर लिहिलेला सी वाजतो बी-फ्लॅट, म्हणजे सा ऐवजी त्याखालचा कोमल नी. म्हणून स्कोअर उघडतानाच वाद्य नीट निवडा.